कत्ते ताता

नगरचा ख्रिस्ती माणूस दोन गोष्टींत तडजोड करत नाही: रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आणि स्वच्छ उच्चार. लेकीच्या संसारामागोमाग मी बेंगळुरूत मल्लेश्वरमला राहायला आलो, तेव्हा हे दोन्ही सामानात होतंच. इथे आल्यावर तिसरी गोष्ट मिळाली. ज्या काडू मल्लेश्वराच्या देवळावरून वस्तीला नाव पडलं, ते सतराव्या शतकात शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी बांधलं असं सांगतात. झालं! 1898च्या प्लेगच्या वेळी आखलेल्या या वस्तीत मी मूळ मालकाच्या थाटात फिरू लागलो. सीटीआर हॉटेलात बेण्णे डोसा खाताना शेजारच्याला व्यंकोजी ऐकवल्याशिवाय माझी चटणी संपत नसे.

अशा माणसाला देवाने कन्नड चर्चमध्ये आणून बसवलं.

तीन वर्षं मी दुसऱ्या बाकावर बसून गप्प होतो. मग एकदा पाळकसाहेब म्हणाले, "सार्, झावळ्यांचा रविवार जवळ आलाय. संडे स्कूलच्या मुलांना पाच मिनिटं तुमची साक्ष सांगा. कन्नडमधून." मी लगेच हो म्हटलं. विषयही मीच निवडला: नम्रता.

नातवाने वाक्यं लिहून दिली. 'मक्कळे, नन्न कते केळि', म्हणजे मुलांनो, माझी गोष्ट ऐका. आरशासमोर माझी तालीम सुरू झाली. नातू मधेच म्हणाला, "आजोबा, कते. एकच त. जोर देऊ नका."

"मला उच्चार शिकवतोस? वक्तृत्वाचे कप आहेत माझे नगरला!"

रविवारी मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मक्कळे, नन्न कत्ते केळि!"

पोरं खदखदून हसली. साक्ष रंगतेय असं वाटून मी हात उंचावला आणि तेच वाक्य आणखी जोर देऊन म्हटलं. पोरं बाकांवरून घरंगळली. नातवाने सदऱ्यात तोंड खुपसलं. कन्नडमध्ये कत्ते म्हणजे गाढव. मी पोटतिडकीने 'माझं गाढव ऐका' अशी विनवणी करत होतो, आणि ती तर ऐकतच होती! गाढवापुढे गीता वाचल्याचं आपण ऐकतो. इथे वाचणाराच गाढव निघाला.

त्या दिवसापासून माझं नाव कत्ते ताता. गाढव आजोबा.

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. वेळ घालवायला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' काढली. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. बाईंना तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली. बाईंचं सोवळं एका झटक्यात गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि त्यात झालेली स्वतःची फजिती त्यांनी हातचं न राखता सांगितली. आजवर हे वाचून मी हसत आलो होतो. सोवळं म्हणजे त्यांच्या माहेरासासरचं काहीतरी, आमच्याकडे कुठलं आलंय! या वेळी मात्र हसू येईना. मीही तर एका 'त'ला जिवापाड जपत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दारात चार पोरं. "कत्ते ताता, नाटकात येशूला बसायला गाढव नाही."

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आठवलं की पहिल्या झावळ्यांच्या रविवारी प्रभूने गावातून मागून आणवलं ते एवढंच, एक गाढव. मी गुडघ्यांना टॉवेल बांधले.

पाठीवर सात वर्षांचा येशू, कानांना पुठ्ठ्याचे कान. झावळ्या वर हलत होत्या, पण मला दिसत होते फक्त पाय. पाळकसाहेबांच्या मोज्याला भोक होतं. माझ्या मागच्या बाकावर एक बाई बसतात, आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजी विकतात. त्यांच्या चपलेचा अंगठा सेफ्टी पिनने अडकवलेला होता, टाचांना भेगा होत्या, आणि डाव्या पायाला चिंधी गुंडाळलेली. तीन वर्षं मी त्यांना मान हलवून नमस्कार करत होतो, बहुधा व्यंकोजीराजांच्या वतीने.

त्याच आठवड्यात गुरुवारच्या उपासनेत योहानाचा तेरावा अध्याय वाचला गेला. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तो. हा अध्याय मी स्वतः किती वेळा वाचून दाखवलाय, पल्लेदार आवाजात, प्रत्येक विरामाला थांबून. पण दरवेळी उभ्याने. वाकल्यावर त्यालाही अशाच भेगा आणि चिंध्या दिसल्या असतील, हे कधी मनात आलं नव्हतं. मी मागे वळलो आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये बाईंना विचारलं, पायाला काय झालंय? उच्चार चुकलाच असणार, कारण त्या आधी हसल्या. मग मात्र बराच वेळ सांगत राहिल्या. मला निम्मंच कळलं.

यंदा पोरं पुन्हा आली होती. नातू कानाशी येऊन म्हणाला, "आजोबा, या वर्षीचा येशू जरा जाड आहे."

मी म्हटलं, "मग टॉवेल दोन-दोन बांधू."