नसलेलं गाव

भाच्याला जर्मनीत बीलेफेल्डच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्या दिवशी ताईने पेढे वाटले आणि मी माती खाल्ली.

"बीलेफेल्डचं कुणी तुझ्या ओळखीचं आहे?"

"नाही."

"तिथे कधी गेलीस?"

"मी कशाला मरायला जाते!"

"जाऊन आलेलं कुणी?"

ताई विचारात पडली. "मग? असं गावच नाहीये," मी म्हणालो.

हे तीन प्रश्न माझ्या सुपीक डोक्यातले नव्हेत. १९९४ साली कील शहरातल्या आखिम हेल्ड या विद्यार्थ्याने इंटरनेटवर गंमत म्हणून ही कंडी पिकवली. बीलेफेल्ड नाहीच, 'ते' लोक आपल्याला ते आहे असं भासवतात! आता हे 'ते' म्हणजे कोण, ते विचारायचं नसतं. व्याकरणात ते सर्वनाम असेल, अफवेत मात्र ते भूत असतं. पाय उलटे, आणि प्रत्येकाच्या मामाने पाहिलेलं.

तीन लाखांवर वस्तीचं गाव बिचारं. १९९९ साली गावाने 'आम्ही आहोत हो' असं अधिकृत पत्रक काढलं, आणि त्यावर तारीख कोणती? १ एप्रिल! २०१२मध्ये खुद्द तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी तिथल्या एका सभेबद्दल बोलताना, ते गाव खरंच असेल तर, अशी कोपरखळी मारली. शेवटी २०१९ साली गावानेच जाहीर केलं : आम्ही नाही हे सिद्ध करा, दहा लाख युरो घेऊन जा. कुणालाच जमलं नाही. (एवढी रक्कम हुकल्यावरही खूळ टिकून आहे, हे विशेष.)

भाच्याने स्टेशनवरून व्हिडिओ कॉल केला. मागे ठळक पाटी.

"पाटीचं काय सांगतोस," ताई म्हणाली, "पाट्या रात्रीत बदलतात. आपण बघत नाही का?"

मग घाबरून मी सगळं कबूल केलं. विद्यार्थी, गंमत, पत्रक, बक्षीस, सगळं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"तुला कुणी गप्प बसायला सांगितलं का रे?"

तेव्हापासून मी तिच्या लेखी 'त्यांच्यातला'. फी मात्र ती वेळेवर भरते. गाव नसलं तरी बँक खातं आहे.

दिवाळीत फराळाचं पार्सल पंधरा दिवस पोचेना. ताईचा फोन आला. "बघ," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

तिची समजूत घालायला म्हणून मी नकाशा उघडला. आणि खोटं कशाला बोलू, दोनदा पाहिला.