फाटक्या आवाजाचा भाव

गिटारवर एफची बार कॉर्ड अजून धड दाबता येत नाही, दोन तारा मुक्याच राहतात, पण ऑनलाइन कार्टात आवाज बदलणारी चार पेडलं येऊन बसलेली असतात. डिस्टॉर्शन, डिले, कोरस आणि एक वाह, कारण वाह पायानं हलवता येतं आणि व्हिडिओत छान दिसतं. नवशिक्याच्या बजेटचं हे असंच असतं. गिटारीत अर्धे गेले, उरलेले पेडलांत, आणि शेवटच्या चिल्लरीत ॲम्प आणि ॲडॉप्टर. म्हणजे आवाज जिथून बाहेर पडणार तो स्पीकर आणि सगळं जिच्यावर चालणार ती वीज, या दोन्हींच्या वाट्याला उष्टं-माष्टं.

आणि पहिली खरेदी कशाची? फाटक्या आवाजाची, म्हणजे डिस्टॉर्शनची. हा आवाज लोकांनी मुळात मोडतोड करून मिळवलेला आहे. गिटारवादक लिंक रेनं १९५८च्या ‘रंबल’साठी ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसनं एल्पिको नावाच्या छोट्याशा स्वस्त ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला आणि त्यातून १९६४चं ‘यू रिअली गॉट मी’ वाजलं. त्याआधी, १९६१च्या सुमारास, नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत कन्सोलमध्ये बिघाड झाला आणि मार्टी रॉबिन्सच्या गाण्यातला ग्रेडी मार्टिनचा सोलो फाटून निघाला. रेकॉर्डिस्ट ग्लेन स्नॉडी हुशार माणूस. त्यानं त्या बिघाडाची नक्कल करणारं सर्किटच बनवलं. १९६२मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आलं आणि दुकानांत पडून राहिलं. १९६५मध्ये किथ रिचर्ड्सनं ‘सॅटिसफॅक्शन’मध्ये त्यावर पाय ठेवला, मग मात्र लोक धावले. बिघाडाला बटण लावून विकायचा धंदा तेव्हापासून तेजीत आहे.

घ्यायचंच असेल तर एकच पेडल घ्या. बॉस कंपनीचं नारिंगी डीएस-१ डिस्टॉर्शन १९७८पासून निघतंय, अजून निघतंय, कर्ट कोबेननंही वापरलं. धातूची डबी आहे, सेकंडहँड घेतलं तरी चालतं आणि कंटाळा आला की विकलंही जातं. प्लॅस्टिकच्या डबीतली तीन स्वस्त पेडलं विकायला काढा, मग कळेल.

आता ॲम्प. दुकानदार वॉट सांगतो आणि आपण वॉटच ऐकतो. दहाचे शंभर वॉट केले तर आवाज कानाला दहापट नव्हे, साधारण दुप्पट वाटतो. टू-बीएचकेमध्ये दहा वॉटसुद्धा शेजारच्या काकूंना पुरून उरतात. पाहायचं ते स्पीकरचं माप. सहा इंचीवर खर्जाची तार नुसती खोकते, आठ इंची मिळाला तर तो घ्यावा. दुकानात ॲम्पचं स्वतःचं गेनचं बटण बंद ठेवून, साध्या स्वच्छ आवाजात ऐकावा. स्वच्छ बोलतो त्याच्यावर पेडलही नीट बोलतं. हे ऐकायला कुणी थांबत नाही, कारण स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्याच्या चुकाही स्वच्छ ऐकू येतात.

खरा तमाशा पुढे, विजेचा. पेडलला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि बहुतेकांत पिनेच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह असतं. घरातल्या जुन्या राउटरच्या ॲडॉप्टरला बहुधा आत पॉझिटिव्ह, शिवाय व्होल्ट अनेकदा १२. पिन मात्र चपखल बसते. पत्रिका जुळली आणि संसार पहिल्याच रात्री मोडला, अशातला प्रकार. ॲडॉप्टरवरचं ते गोलाचं छोटं चित्र वाचायला चष्मा लागत असेल तर लावावा, पेडलपेक्षा स्वस्त पडतो.

मग येते एका ॲडॉप्टरला पाच शेपट्या असलेली वायर. तिच्यावर डिजिटल डिले आणि डिस्टॉर्शन एकत्र बसवले की डिलेची बारीक किणकिण डिस्टॉर्शनमध्ये शिरते आणि तिथे मोठी होऊन बाहेर पडते. प्रत्येक पेडलला वेगळी, आयसोलेटेड लाइन देणारा पॉवर सप्लाय मिळतो. पण तो चमकत नाही, रीलमध्ये दिसत नाही, म्हणून तो ‘पुढच्या महिन्यात’ येतो.

एवढं करूनही ॲम्पची घूं राहतेच. गिटारचे सिंगल कॉइल पिकअप पंख्याचा रेग्युलेटर पकडतात, ट्यूबलाइटचा चोक पकडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही घूं जी आणि जी शार्प यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते, कुठल्याच सुराला लागत नाही. अमेरिकेतली ६० हर्ट्झची, ती बी फ्लॅट आणि बीच्या मध्ये. बेसूर दोन्हीकडे, एवढाच दिलासा. आपल्याकडे आणखी एक भानगड. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला भोकं तीन असतात, पण तिसऱ्याच्या मागे अनेकदा अर्थची वायरच नसते. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे घोटाळा झालाच तर तो थेट बोटांशी होतो. पहिलं पेडल घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो हसेल, हसू दे.

पेडलं बसवायच्या बोर्डावर मात्र पैसे घालू नका. सुताराकडचा प्लायचा तुकडा, त्यावर वेलक्रोची मऊ बाजू, पेडलांना काटेरी. पॅच केबलमध्ये कंजुषी केलीत तर ऐन रंगात एक जॅक नाराज होईल आणि तो कुठला, हे शोधताना गाणं संपेल. क्रम साधा आहे: आधी ट्यूनर, मग डिस्टॉर्शन, मग कोरस, शेवटी डिले. उलटं लावून पाहिलंत तरी पोलीस येत नाहीत.

त्यातला ट्यूनर कुणीच घेत नाही. फोनमध्ये ॲप आहे ना! पायाखालचा ट्यूनर बहुधा चालू केला की ॲम्पकडे जाणारा आवाज बंद करतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कळलं तर वर्गणी काढून आणून देतील.