पोवाड्याची चाल हस्तगत करण्याची शास्त्रोक्त रीत

पन्हाळ्यावर राहून पोवाडा शिकू इच्छिणाऱ्या जिज्ञासूने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अभ्यासक ज्या साधनांची नावे आदराने घेतात त्यांत पोवाड्याचे सर्व काही मिळते, फक्त चाल, म्हणजे कडवे ज्या सुरावटीत व लयीत म्हटले जाते ती, मिळत नाही.

लोकसंगीताचे संग्रह सरकारी अधिकाऱ्यांनीच करावयाचे असतात, असा एक जागतिक संकेत दिसतो. आयरिश फिडलवर, म्हणजे तिकडे नाचाच्या साथीला वाजणाऱ्या व्हायोलिनवर, वाजवल्या जाणाऱ्या १८५० सुरावटींचा ग्रंथ शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांनी १९०३ मध्ये काढला, तर मराठी पोवाड्यांचा संग्रह मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये छापला. ओ’नील निदान स्वतः बासरी वाजवत. ॲकवर्थसाहेबांविषयी तसा प्रवाद नाही. पहिल्या ग्रंथात सूर आहेत, शब्द नाहीत. दुसऱ्यात शब्द आहेत, सूर नाहीत. दोन्ही शेजारी उघडून अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आयरिश ठेक्यात बसवण्याचा मोह होणे स्वाभाविक असले, तरी कोल्हापूर जिल्ह्यात तो आवरावा.

गडावरील वाचनालयास कवी मोरोपंतांचे नाव आहे, कारण त्यांचा जन्म १७२९ मध्ये येथेच झाला. परंतु पंतांचा व्यवहार आर्या वृत्ताशी, डफाशी नव्हे. पिराजीराव सरनाईकांसारख्या कोल्हापुरी शाहिरांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, मात्र त्यांवरून स्वतःचा आवाज कुठवर चढतो याचा अंदाज बांधू नये.

खरे साधन जिवंत गळा हेच असून तो भेटण्याचा संभव जुलैत अधिक असतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले त्या रात्रीच्या स्मरणार्थ तेव्हा पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात आणि पोवाड्याला निमित्त मिळते. अडचण इतकीच की, त्याच दिवसांत गडावर धुके व पाऊस यांचे राज्य असल्याने डफाचे कातडे सर्दावून सैल पडते आणि थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज निघतो. अशा वेळी डफ शेकावा लागतो. त्यासाठी कणसे भाजणाऱ्याच्या शेगडीइतके सोयीचे स्थान नाही. तथापि आधी दोन कणसे घ्यावीत, डफ निखाऱ्यापासून वीतभर वर धरून फिरवत राहावा आणि बोटाच्या टिचकीने कातडे खणखणू लागल्याची खात्री होताच तो शाहिराच्या हाती द्यावा. ग्रंथालयात बसून वर्षभरात होणार नाही इतकी ओळख या एका सेवेने होते.

त्यानंतर उमेदवाराची नेमणूक झीलकऱ्यांत, म्हणजे ध्रुपद उचलून धरणाऱ्या आणि ओळीअखेर ‘जी जी रं जी’ म्हणणाऱ्या साथीदारांत होते, आणि हाती तुणतुणे येते. तळाला कातडे मढवलेले लाकडी नळकांडे, त्याला बाजूने ठोकलेली काठी आणि कातड्यापासून काठीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार, असे हे वाद्य असून, तार एकच असल्याने चुकीला वाव नाही असा जो समज आहे तो पहिल्याच कार्यक्रमात दूर होतो, कारण शाहिराच्या सुराला न जुळलेली एक तार साऱ्या मैदानाला ऐकू जाते. शाहीर मागे वळून पाहील तेव्हा खुंटी पिळावी, पुढे पाहू लागला की पुन्हा झील धरावी. चाल याच काळात, कोणी न शिकवता, गळ्यात उतरत असते. मानधनाचा विषय या टप्प्यावर काढू नये.