चौथा नॅचरल

“भाऊजी, खांदे सोडा. पासपोर्टचा फोटो नाहीये हा!” पोझवहिनी भर बसस्टॉपवर खेकसल्या. फोटो निघायला अजून तासभर होता.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये एक पोझवहिनी असणारच. हळदीकुंकवाला वाणाबरोबर पोझ देणारी, बारशाला बाळाआधी आत्याची मान तिरकी करणारी. आमच्या वहिनींनी लॉकडाऊनमध्ये कोरियन मालिका पाहिल्या आणि प्रभादेवीतली एक बरी गृहिणी कायमची गेली. लोअर परळच्या मॉलमधलं ते पडदा लावलेलं फोटोचं खोकं आता त्यांचं कुलदैवत आहे. आत चौघांनी घुसायचं, यंत्र उलटे आकडे मोजतं आणि बाहेर चार फोटोंची उभी पट्टी पडते.

तशी ही कल्पना जुनीच. १९२५ साली अनातोल जोसेफोनं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर असं यंत्र बसवलं, पंचवीस सेंटांत आठ फोटो! १९९५ मध्ये जपान्यांनी त्यांचे स्टिकर केले आणि पुढे कोरियात चार चौकटींचं वेड पसरलं. हे सगळं मी एकदा वहिनींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “यंत्रं काय कोणीही काढेल हो. उभं कसं राहायचं ते सांगितलं का कोणी?”

ते त्या सांगतात. पहिला फोटो हार्ट : अंगठ्यावर तर्जनी तिरकी टेकवायची. (“भाऊजी, हार्ट करा, पैसे काय मागताय?”) दुसरा फूल : दोन्ही तळवे हनुवटीखाली, मधे आपलं मुखकमल. तिसरा जिना : चौघांची डोकी एकावर एक. आणि चौथा नॅचरल.

सगळ्यात जास्त तालीम या चौथ्या नॅचरलची. “भाऊजी हसतायत, ह्यांना काहीतरी आठवलंय आणि माझा चष्मा घसरतोय. चला, एक, दोन, चष्मा!” मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत आम्ही नॅचरल झालो आहोत. रवींद्र नाट्य मंदिरात मध्यंतराला, तोंडात बटाटावडा असताना नॅचरल झालो आहोत. एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून पलीकडे जायला वळसा पडतो, त्याचा सगळ्या मुंबईत आनंद फक्त वहिनींना. टॅक्सीत दोन तालमी जास्त होतात. एकदा त्यांचे यजमान खरोखरच भडकले, तर त्या टाळ्या पिटत म्हणाल्या, “हाच! चौथ्याला हाच चेहरा ठेवा!”

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरचं भाडं घेऊन कोणी विरारला जाणार, कोणी डोंबिवलीला. सामान बांधायच्या गडबडीत वहिनींनी अख्खा मजला चार-चार करून त्या खोक्यात कोंबायला काढला. आमच्या चौकडीत यजमानांच्या जागी समोरच्या काकू आल्या. लग्नातला एक, रेशन कार्डावरचा एक आणि आधारचा एक, एवढीच त्यांची छायाचित्रसंपदा. “मला कशाला गं?” म्हणत त्या आत शिरल्या आणि हात सरळ सोडून उभ्या राहिल्या. हार्टला तशाच, फुलाला तशाच, जिन्यालाही तशाच. वहिनी चक्क काही बोलल्या नाहीत. आम्हाला मात्र काकूंच्या आजूबाजूला फुलायला लावलं.

“आता नॅचरल!” वहिनी ओरडल्या. तेवढ्यात काकूंचं लक्ष समोरच्या स्क्रीनकडे गेलं. “अगं, टिकली सरकलीय तुझी,” म्हणत त्यांनी वहिनींची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि फ्लॅश पडला. फोटोत वहिनींचा आ वासलेला, काकूंची पाठ आणि मी कोपऱ्यात हसताना. ती तालीम कोणी घेतली नव्हती.

“गेला फुकट!” वहिनी म्हणाल्या. “पुन्हा काढू. काकू, आत्ता केलंत ना, तेच करा. पण डावीकडून.”

काकूंनी केलं, डावीकडून. त्या दुसऱ्या पट्टीच्या प्रती वहिनींनी घरोघर वाटल्या. हल्ली प्रत्येकाच्या भाड्याच्या घरात फ्रिजवर आम्ही अतिशय शिस्तीत नॅचरल आहोत.

परवा टॅक्सीचे पैसे देताना वहिनींची पर्स उघडी दिसली. आत गणपतीच्या फोटोमागे ती पहिली पट्टी होती.

“वहिनी, ही तर फुकट गेलेली ना?”

“मग?” त्यांनी फटकन चेन लावली. “पैसे मोजलेत तिचे. आणि भाऊजी, खांदे सोडा.”