पद्मिनी : नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

गाडीला कोणता रंग द्यायचा हे ठरलं असेल, तर तुम्ही नवशिके आहात. गाडी अजून कुणाच्या तरी परसात चिंचेखाली चार विटांवर उभी असते आणि इकडे मोरपंखी की मलई यावर घरात मतदान झालेलं असतं. शेडकार्ड खिशात ठेवा. त्याची पाळी शेवटी.

पायरी पहिली : ओळख. ही कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी. मूळ घराणं इटलीचं, फियाट ११००. इथे १९६४ साली डिलाइट म्हणून आली, पुढे प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं. म्हणून विकणारा ‘खरी डिलाइट आहे, साहेब’ म्हणत भाव चढवू लागला, की मान डोलवा आणि आरसी बुक मागा.

पायरी दुसरी : कागद. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा. उमटलेला आकडा आरसीतल्या आकड्याशी जुळला नाही, तर चहा संपवून घरी या. गाडी पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात असेल, तर २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. मात्र मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. पन्नाशीनंतर ही सवलत गाड्यांनाच आहे.

पायरी तिसरी : गणपती. फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती सोबत न्या आणि दारांच्या खालच्या कडा, मडगार्ड, डिकी असा फिरवा. चिकटला तिथे पत्रा आहे. घसरला तिथे पुट्टी आहे. मग पायाखालची मॅटं उचला. खाली जमीन दिसली, तर ती हवेशीरपणाची सोय नाही.

पायरी चौथी : खोलणं. दोन दिवसांचं काम. जोडायला दोन वर्षं लागतात. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री तेल सोडा. पान्यावर उभं राहून जोर काढलात, तर नटाऐवजी बोल्ट तुटतो. प्रत्येक भागाचे नट वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावा. त्यासाठी श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम, पण ते स्वयंपाकघरातून उचलण्यापूर्वी विचारा. जीर्णोद्धारातले निम्मे तंटे इथेच सुरू होतात.

पायरी पाचवी : आधी थांबवा. सगळ्यांना गाडी सुरू करायची घाई असते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्यांच्या सिलिंडरांमधली रबरं मेलेली असतात. ती बदला. ब्रेक पाइप तपासा. ‘ब्रेक’ लिहिलेल्या डब्यात एकही नट उरला असेल, तर पायरी चौथीवर परत जा.

पायरी सहावी : मग चालवा. प्लग काढून सिलिंडरांत थोडं तेल सोडा, चार दिवस धीर धरा आणि इंजिन हातानं फिरवून बघा. अडकलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारणं म्हणजे झोपलेल्या आजोबांना धरून फुगडी घालणं. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसा, कार्बोरेटर धुवा, पॉइंट घासा. पहिल्यांदा इंजिन धडधडलं की शेजारी गॅलरीत येतील. अर्धे कौतुकानं, अर्धे धुरामुळे.

पायरी सातवी : रंग. आता शेडकार्ड काढा. इतक्या दिवसांत मोरपंखीच्या बाजूचे मलईकडे गेलेले असतात. खुशाल पुन्हा मतदान घ्या, निकालानं काही बिघडत नाही. मुंबईत या गाडीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, पण माणसांच्या डोळ्यांतून ती उतरलेली नाही. पहिल्याच रविवारी सिग्नलला मागचं दार उघडून एक आजोबा आत बसतील, पिशवी मांडीवर घेतील आणि म्हणतील, ‘दादर स्टेशन. मीटर टाका.’

स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर पहिल्यात टाका आणि त्यांना सोडून या. सुट्टे त्यांच्याकडे असतील.