मूळ प्रत फक्त तुमची

विमा कंपनीला कागदांचं भारी वेड, पण फक्त दुसऱ्याच्या. उल्हास नदीचं पाणी नेरळच्या दुकानात शिरलं की दुकानदाराकडे मागणी येते: मालाची मूळ बिलं, स्टॉक रजिस्टर, पंचनामा. बिलं गल्ल्याखालच्या खणात होती आणि खण पाण्याखाली होता. तरी मूळ प्रतच हवी!

मग दावा कोर्टात जातो आणि दुकानदार उलट विचारतो, "तुमच्या सर्व्हेअरचा अहवाल दाखवा." फाइल विभागीय कार्यालयात असते, तिथून मुंबईला गेलेली असते, तोवर साहेबांची बदली होते. शेवटी हजर होते पॉलिसीची झेरॉक्स: शिक्का ठळक, मजकूर पुसट, तिसरं पान गायब. वर शेरा, 'आदेशाची पूर्तता केली.'

26 जुलै 2005 च्या पावसात नेरळ-माथेरानचा रूळमार्ग उखडला. 2007 मध्ये गाडी पुन्हा डोंगर चढू लागली. अहवालाला मात्र या टेबलावरून त्या टेबलावर जायलाही घाट लागतो.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत या टाळाटाळीवर औषध आहे. आदेश 11, नियम 12 खाली ताब्यातल्या कागदांची यादी शपथेवर मागता येते. कोर्टाने तसं फर्मावल्यावरही ते धुडकावलं, तर नियम 21 प्रमाणे प्रतिवादीचा बचावच काढून टाकता येतो. औषध कडू, म्हणून क्वचितच पाजलं जातं.

तेव्हा अर्जात नुसतं 'कागद द्या' म्हणू नका. कोणता, कुठल्या तारखेचा, कोणाच्या कपाटातला, ते लिहा. नाहीतर हाती फक्त पुढची तारीख पडेल. ती मात्र अगदी मूळ प्रतीत.