युगांडागमनाची पूर्वतयारी

ज्या देशाच्या कोणत्याही सीमेला समुद्र लागत नाही, त्यास भूगोलात भूवेष्टित देश म्हणतात. आणि केनिया, दक्षिण सुदान, काँगो, रवांडा व टांझानिया या पाच शेजाऱ्यांच्या मधोमध बसलेला युगांडा हे त्याचे चोख उदाहरण होय. ज्या मराठी प्रवाशाच्या मनात सहलीचे ठिकाण आणि समुद्रकिनारा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या होतच नाहीत, त्याला या व्याख्येने प्रथम किंचित वाईट वाटते, आणि विषुववृत्तावरील निर्जल, रखरखीत भूमीचे एक काल्पनिक चित्र तो मनाशी रंगवू लागतो. प्रत्यक्षात सुमारे २ लाख ४१ हजार चौरस किलोमीटरच्या या देशाचा जवळजवळ सहावा हिस्सा पाणी आणि दलदल यांनी व्यापलेला आहे. सुमारे ६८ हजार ८०० चौरस किलोमीटर पसरलेल्या व्हिक्टोरिया सरोवराचा मोठा वाटा त्याच्याकडे आहे. आणि राजधानी कंपालापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेला एंटेबे येथील विमानतळ त्याच सरोवराच्या काठी असल्याने, समुद्र नसलेल्या देशात उतरणाऱ्या प्रवाशाला खिडकीतून बराच वेळ पाण्याखेरीज काहीच दिसत नाही.

समुद्र नसण्याचे परिणाम मात्र खरे आहेत, आणि ते प्रवाशाच्या खिशापर्यंत पोहोचतात. युगांडाची बहुतेक आयात केनियातील मोंबासा बंदरातून, हजार किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवत येते, त्यामुळे २००७ च्या अखेरीस केनियातील निवडणुकीनंतर दंगली उसळल्या तेव्हा कंपालातील पेट्रोल टंचाईने महागले. हेच अंतर तोडण्यासाठी ब्रिटिशांनी १८९६ मध्ये मोंबासाहून लोहमार्ग टाकण्यास आरंभ केला, त्यासाठी भारतातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले, त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले, त्सावो येथे सिंहांनी मजुरांना खाल्ल्याने काही काळ काम थांबले, आणि १९०१ मध्ये हा मार्ग एकदाचा व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व काठाला लागला. त्याचे नाव युगांडा रेल्वे. पुढल्याच वर्षी त्या भागाची सीमा नव्याने आखण्यात आली आणि ही संपूर्ण युगांडा रेल्वे आजच्या केनियात जमा झाली. गाडी कंपालास पोहोचली ती १९३१ मध्ये. आज मोंबासाहून कंपालापर्यंत प्रवासी गाडी नाही, तेव्हा आगगाडीच्या खिडकीतून आफ्रिका न्याहाळण्याचा बेत ज्यांनी केला असेल, त्यांनी तो नैरोबीपाशीच आवरता घ्यावा. विमानाने जाणे सोपे आहे. युगांडाच्या सरकारी विमान कंपनीने २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई–एंटेबे थेट सेवा सुरू केली, आणि अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाण्याचा जुना रस्ता आहेच.

तिकिटाची गोष्ट घरात निघताच पूर्वतयारीचा दुसरा टप्पा सुरू होतो, ज्यास कौटुंबिक आक्षेपांचा टप्पा म्हणता येईल. घरातील ज्येष्ठांचा पहिला प्रश्न इदी अमीनविषयी असतो, आणि तो अगदीच निराधार नाही, कारण १९७२ मध्ये अमीनने आशियाई वंशाच्या रहिवाशांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला होता व त्या बातम्या ज्यांनी तरुणपणी वाचल्या त्यांच्या लेखी युगांडाचा इतिहास तेथेच थांबला आहे. अमीनची सत्ता १९७९ मध्ये गेली, तो स्वतः २००३ मध्ये सौदी अरेबियात वारला, आणि हुसकावलेल्या कुटुंबांपैकी काही पुढे परतून आपले कारखाने पुन्हा चालवू लागली, ही माहिती दिल्यावर आक्षेपाची जागा उन्हाळ्याची काळजी घेते. विषुववृत्त म्हणजे भट्टी, या समजुतीने बॅगेत सुती कपडे आणि ग्लुकोजची पाकिटे भरली जातात; वस्तुतः कंपाला समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर असून तेथील दुपार नागपूरच्या मे महिन्यापुढे थंड हवेचे ठिकाण ठरावी, आणि देशाच्या पश्चिम कडेला रुवेन्झोरी पर्वताचे ५१०९ मीटर उंचीचे मार्गेरिटा शिखर विषुववृत्ताच्या अगदी जवळ असूनही बर्फ बाळगून आहे. स्वेटर घ्यावाच, छत्रीही घ्यावी, कारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन पावसाळे तेथे आहेत.

तथापि युगांडाच्या बेतातील कळीचा मुद्दा हवामान हा नसून गोरिला हा आहे, आणि सर्व नियोजन त्याच्यापासून मागे मोजत करावे लागते. नैर्ऋत्येकडील ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात पर्वतीय गोरिला राहतात. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार जगभरात त्यांची संख्या हजाराच्या थोडी वर होती. त्यांच्या दर्शनासाठी परवाना लागतो, ज्याचा परदेशी पर्यटकासाठीचा दर २०२४ च्या जुलैपासून ८०० डॉलर आहे, आणि शेजारच्या रवांडात तोच १५०० डॉलर असल्याने, दोन्हींचा तौलनिक तक्ता मांडून सातशे डॉलर वाचवल्याचे समाधान प्रवासी खर्च होण्यापूर्वीच उपभोगून घेतो. माणसांच्या वावराला जे कुटुंब सरावलेले आहे, म्हणजे वनरक्षकांनी दोन-तीन वर्षे रोज भेट देऊन ज्याची भीती घालवली आहे, त्याच्याकडेच पर्यटकांना नेतात. एका कुटुंबाकडे दिवसाला आठ पाहुणे, आणि भेट एक तासाची. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. सर्दी-खोकला असलेल्यालाही नाही, कारण माणसाचे विकार गोरिलांना बाधतात. त्यामुळे ज्या घरात श्वापदांपासून माणसाला वाचवण्याच्या उपायांची चर्चा महिनाभर चालली, त्या घराला शेवटी माणसापासून श्वापदाला वाचवण्याचे नियम पाठ करावे लागतात आणि विमानातील वातानुकूलनापुढे मफलर गुंडाळून बसावे लागते. परवान्यावर भेटीची तारीख छापलेली असते, परंतु ती गोरिलाला कळवण्याची सोय नाही. तो जेथे पाला खात असेल तेथवर चिखलातून, उभ्या चढाने, तासभर किंवा सहा तास चालत जावे लागते. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी सामान वाहणारा स्थानिक मदतनीस घ्यावा आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये, कारण चढावर तो सामानाबरोबर मालकालाही ओढतो.

कंपाला ते ब्विंडी हा मोटारीचा प्रवास आठ-दहा तासांचा असल्याने, जाणते नियोजक रवांडाची राजधानी किगाली येथे उतरून युगांडात शिरतात, आणि युगांडाच्या सहलीचा आरंभ रवांडात होतो. हा मार्ग सोयीचा असला तरी त्यात कायाब्वे हुकते. कंपालाहून मसाकाच्या रस्त्यावर सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेल्या या गावी विषुववृत्ताची रेषा डांबरी रस्ता ओलांडते, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना पाण्याची घमेली मांडून, उत्तरेस पाणी एका दिशेने व दक्षिणेस उलट्या दिशेने गोल फिरत भोकातून जाते, असा प्रयोग शुल्क घेऊन दाखवला जातो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहत्या गोष्टींना मिळणाऱ्या वळणास कोरिऑलिस बल म्हणतात. चक्रीवादळाला ते फिरवते, पण घमेल्याएवढ्या पाण्यात ते नगण्य असते, आणि विषुववृत्तावर तर जवळपास शून्य, त्यामुळे पाणी कोणीकडे वळेल हे ओतणाऱ्याच्या मनगटावर ठरते. भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी येथे व्याख्यान देऊ नये. प्रयोग खोटा असला तरी मनगट खरे आहे, आणि शुल्क त्याचेच आहे.

पैशांबाबत एवढेच सांगणे पुरे, की डॉलरची नोट नवी, न दुमडलेली व मोठ्या किमतीची न्यावी, कारण जुन्या छपाईची नोट अनेक ठिकाणी नाकारतात आणि सुट्या नोटांना दर कमी देतात. शंभर डॉलर मोडताच हाती साडेतीन लाखांच्या आसपास शिलिंग येतात व मध्यमवर्गीय माणूस भाजीच्या गाडीपाशी लक्षाधीश म्हणून उभा राहतो. वेळेबाबत थोडी अधिक सावधगिरी हवी. लुगांडा भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळी सात वाजता एक वाजलेला असतो आणि आठ वाजता दोन. इंग्रजीत बोलताना तीच माणसे घड्याळाप्रमाणे बोलतात. ज्यांच्या घरी पंचांगातील घटका सूर्योदयापासून मोजल्या जातात, त्यांना हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही, तरी वाहनचालकाने दोनची वेळ दिल्यास ती कोणत्या भाषेतली, हे विचारून घ्यावे.

खाण्याची चिंता मराठी प्रवासी वाजवीपेक्षा जास्त करतो आणि चकल्यांचे वजन विमान कंपनीला भरून देतो. भारतीय लोकांबरोबर गेलेली चपाती आज कंपालाच्या रस्त्यांवर कोळशाच्या शेगडीवर भाजली जाते, आणि तिच्यात भाज्या घातलेले ऑम्लेट गुंडाळले की त्यास रोलेक्स म्हणतात. ते घड्याळाच्या मानाने अत्यंत स्वस्त पडते. केळीच्या पानांत वाफवलेली कच्ची केळी, म्हणजे मटोके, आणि त्यावर शेंगदाण्याचे दाट कालवण हे जेवण उपवासाच्या दाण्याच्या आमटीची आठवण देते, व चतुर्थीलाही चालावे.

या सर्वांच्या आधी करावयाची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. डासांमार्फत पसरणाऱ्या या तापाची लस घेतल्याचे प्रमाणपत्र व्हिसाच्या ऑनलाइन अर्जालाच जोडावे लागते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. लस सरकारमान्य अशा मोजक्या केंद्रांतच मिळते, तेव्हा भेटीची वेळ आधी ठरवावी. ती कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांत वाढवली जाते, हे कट्टर शाकाहारी आजींना कळवायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे; अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी व साठी ओलांडलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. परतताना भारतीय विमानतळावर हे प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, म्हणून ते पिवळे पुस्तक पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावे, मोठ्या बॅगेत नव्हे. आरोग्य तपासणीचे टेबल सामानाच्या पट्ट्याच्या आधी येते.